संगणकावरील खेळ : चोरी आणि खप

ग्रंथ चोरून छापणाऱ्यांविषयींची ग्रंथकारांची तक्रार फार जुनी आहे. परंतु चोरून छापावयाचें म्हटलें तरी कागद, शाई आणि मजुरी यांचा खर्च चोरासही चुकत नसे. संगणकावरील खेळाची गोष्ट निराळी. शेंकडों माणसांनीं चारपांच वर्षें राबून तयार केलेला खेळ एकदां कोणाच्या हातीं लागला, कीं त्याच्या लाख प्रती काढण्यास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. आणि लाखावी प्रत पहिलीइतकीच चोख निघते. या चोरीस इंग्रजींत 'पायरसी', म्हणजे चाचेगिरी, म्हणतात. या चाचेगिरीनें पीसीवरील, म्हणजे घरगुती संगणकावरील, खेळांचा खप बुडविला आणि म्हणूनच खेळ रचणारांनीं आपला माल इतर यंत्रांकडे नेला, असें गेलीं कित्येक वर्षें ऐकूं येत आहे. हें कितपत खरें आहे, तें आज पाहूं.

इतर यंत्रें म्हणजे मुख्यतः 'कन्सोल'. दूरचित्रवाणीस जोडावयाची ही खेळांची पेटी. ती तयार करणारी कंपनी तिला आपलें कुलूप घालूनच विकते. त्यामुळें चोरीचा खेळ तींत चालविणें कठीण जातें. शिवाय एका नमुन्याच्या सर्व पेट्या बहुतेक सारख्या असतात. पीसी मात्र घरोघर निराळा. एकच खेळ पीसी व दोनतीन पेट्या अशा सर्व यंत्रांवर काढण्याची जी चाल पडली, तिला केवळ चोरीचें भय कारण झालें, कीं आणखी कांहीं, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम जर्मनींतील क्रायटेक या कंपनीचें उदाहरण घेऊं. तिचा 'क्रायसिस' हा खेळ २००७ च्या नोव्हेंबरांत केवळ पीसीसाठीं निघाला. त्यांतील अरण्याचीं व समुद्राचीं दृश्यें पाहून जाणते लोकही थक्क झाले. पुढच्याच वर्षीं कंपनीचे प्रमुख जेवात येर्ली यांनीं चोरीकडे बोट दाखवून जाहीर केलें, कीं असा केवळ पीसीपुरता खेळ आपण यापुढें काढणार नाहीं. वस्तुतः या खेळाच्या दहा लाखांवर प्रती थोडक्याच महिन्यांत विकल्या गेल्या होत्या. आणि तो पूर्ण वैभवानें चालवील असा संगणक त्या काळीं फारच थोड्या घरीं होता, ही गोष्टही खपाच्या आड येणारीच होती. 'क्रायसिस २' हा २०११ च्या मार्चांत पीसी व दोन कन्सोल यांवर एकदमच निघाला. पण त्याची अपुरी प्रत महिनाभर आधींच फुटून इंटरनेटवर पसरली होती! यंत्रें वाढविल्यानें चोरी थांबली नाहीं. चोरीचा तोटा सोसावयास दुसरें गिऱ्हाईक मिळालें, इतकेंच.

आतां पोलंडकडे वळूं. तेथें १९९४ पर्यंत संगणकावरील कृतींस कायद्याचें स्पष्ट संरक्षण नव्हतें, आणि वॉर्सा शहराच्या बाजारांत खेळांच्या नकला उघडपणें विकल्या जात. त्याच बाजारांत वावरलेल्या मार्चिन इव्हिन्स्की व मिखाऊ किचिन्स्की या दोन तरुणांनीं १९९४ सालीं 'सीडी प्रोजेक्ट' ही कंपनी काढली. १९९९ मध्यें 'बाल्डर्स गेट' हा परदेशी खेळ विकावयास घेतांना त्यांनीं तो सबंध पोलिश भाषेंत आणविला, नामांकित पोलिश नटांचे आवाज त्यास दिले, आणि पेटींत नकाशा, पुस्तिका व संगीताची तबकडी घातली. खऱ्या पेटीचें लोकांनीं भरभरून स्वागत केलें. चोराशीं किमतींत झुंज घेण्यापेक्षां चोर जें देऊं शकत नाहीं तें द्यावें, हा धडा या मंडळींनीं पुढें कधींही सोडला नाहीं.

त्यांचा स्वतःचा 'द विचर २' हा खेळ २०११ च्या मे महिन्यांत पीसीवर निघाला. त्याच्या तबकडीस प्रतिबंधक कुलूप होतें; कंपनीच्याच इंटरनेटवरील दुकानांत मिळणाऱ्या प्रतीस तें नव्हतें. कुलूप नसलेली प्रतच आधीं चोरीस जाईल, अशी खुद्द कंपनीची अटकळ. प्रत्यक्षांत पसरली ती कुलूप फोडलेली तबकडी! वर्षअखेर इव्हिन्स्की यांनीं चोरीच्या प्रतींचा अंदाज सुमारें ४५ लाख सांगितला. विकल्या गेलेल्या प्रती सुमारें दहा लाख होत्या. तरीही कुलुपें व्यर्थ आहेत, हें त्यांचें मत ढळलें नाहीं. याच कंपनीनें जर्मनींत संशयितांस पैसे भरण्याविषयीं वकिलांचीं पत्रें धाडलीं होतीं, हेंही सांगितलें पाहिजे. निरपराधी माणसें त्यांत सांपडतील अशी ओरड झाल्यावर जानेवारी २०१२ मध्यें तिनें तें काम बंद केलें.

'द विचर ३' मात्र २०१५ च्या मे महिन्यांत पीसी व दोन कन्सोल यांवर एकाच दिवशीं आला, आणि कंपनीच्या दुकानांतील पीसीची प्रत पूर्ववत् बिनकुलपाची होती. पहिल्या सहा आठवड्यांत सर्व यंत्रें मिळून ६० लाखांवर प्रती खपल्या. कन्सोलच्या पायीं आमच्या वाट्यास कमी देखणा खेळ आला, अशी पीसीवाल्यांची कुरकुर झाली. तिला इव्हिन्स्की यांचें उत्तर असें, कीं कन्सोल नसते तर हा खेळ या स्वरूपांत निघूंच शकला नसता. एकट्या पीसीच्या उत्पन्नावर एवढा खर्च पेलत नाहीं. आमच्या मतें सर्व प्रकरणाचें मर्म या उत्तरांत आहे. खेळ अनेक यंत्रांवर निघतात ते मुख्यतः वाढत्या खर्चामुळें. चोरी हें त्यामागचें एक कारण, एकमेव नव्हे.

मग चोरीनें नुकसान होतच नाहीं काय? युरोपीय आयोगासाठीं झालेली आणि २०१७ मध्यें उजेडांत आलेली एक पाहणी सांगते, कीं खेळांच्या बाबतींत चोरीमुळें खप घटल्याचा भक्कम पुरावा आंकड्यांत सांपडत नाहीं. फुकट घेणारा प्रत्येक जण पैसे देऊन घेणारच होता असें नव्हे, हें उघड आहे. उलट 'डेनुव्हो' नांवाच्या कुलुपासंबंधीं २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें, कीं तें पहिल्याच आठवड्यांत फुटल्यास उत्पन्न सरासरी सुमारें २० टक्क्यांनीं घटतें. बारा आठवड्यांनंतर फुटल्यास जवळजवळ कांहींच फरक पडत नाहीं. म्हणजे घाव बसतो तो नवेपणाच्या दिवसांत.

परंतु कुलूप प्रामाणिक माणसावरच उलटतें, तेव्हां काय होतें तेंही पाहण्यासारखें आहे. २०१० मध्यें युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें कांहीं खेळांस अशी अट घातली, कीं खेळतांना इंटरनेटचा संबंध अखंड राहिला पाहिजे. मार्चांत कंपनीचींच यंत्रें बंद पडलीं, आणि पदरचे पैसे मोजून खेळ घेणारे लोक हात चोळीत बसले! याच्या उलट, २००३ पासून चालणाऱ्या 'स्टीम' या दुकानानें खरेदी इतकी सोपी केली, कीं चोरीची खटपट कित्येकांस नकोशी झाली. चोरी हा बव्हंशीं किमतीचा नव्हे, सेवेचा प्रश्न आहे, असें त्याचे चालक गेब न्यूएल २०११ मध्यें म्हणाले, तें अनुभवाचें बोल होतें. पीसीचा बाजार मेला असता तर आपल्या पेटीपुरते खेळ राखून ठेवणाऱ्या सोनी कंपनीनें २०१७ चा 'होरायझन झीरो डॉन' २०२० मध्यें पीसीवर आणलाच नसता.

यावरून चोरी क्षम्य ठरते, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. मोठ्या कंपनीस चार यंत्रांचा आधार असतो; दोघांतिघांनीं मिळून रचलेल्या लहान खेळास बहुधा एकच यंत्र आणि सुरुवातीचे थोडे आठवडे, एवढेंच भांडवल असतें. तेथें फुकट घेतलेली प्रत थेट कारागिराच्या ताटांतून उचललेली असते. दुकानदारानें गिऱ्हाइकास चोर समजूं नये, हें जितकें खरें, तितकेंच गिऱ्हाइकानें त्याचा विश्वास लटका ठरवूं नये, हेंही खरें. घरांतील मूल नव्या खेळाचा हट्ट धरील तेव्हां आईबापांनीं त्यास तो घेऊन द्यावा, किंमत उतरेपर्यंत थांबावयास सांगावें, अथवा सरळ नाहीं म्हणावें. यांपैकीं कोणत्याही उत्तरानें मुलाचें कांहीं बिघडत नाहीं. 'कोठूनतरी फुकट उतरवून घे,' हें उत्तर मात्र त्यास खेळापेक्षां अधिक काळ लक्षांत राहतें.