टायग्रिस मोहीम : नदीने वाट दिली, नदीनेच अडवली
पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सैन्याची रसद मुख्यतः टायग्रिस नदीतूनच जात असे. ३१ मे १९१५ रोजी कुर्ना येथे सहाव्या पुणे डिव्हिजनचे जवान पुराच्या पाण्यातून होड्यांनी पुढे सरकले. नौदलाच्या तोफनौकांनी त्यांना साथ दिली. ३ जून रोजी अमारा हाती आले. मात्र सैन्य पुढे जात राहिले, तशा बोटी अपुऱ्या पडू लागल्या. डिसेंबरमध्ये हीच डिव्हिजन, तिच्यातील मराठा पलटणींसह, कुत येथे वेढली गेली. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री धान्य घेऊन निघालेली ‘जुल्नार’ बोट तुर्कांच्या हाती पडली. पाच दिवसांनी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. नदीवाहतूक वाढवल्यानंतरच मार्च १९१७ मध्ये बगदाद जिंकता आले.