रंगाखालची मोटार

वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे कवच 2022 साली उतरवण्यात आले, तेव्हा हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला आणि मूळ शिल्प उघडे झाले, हे खानदेशातील भाविकांना, मग ते यावलचे असोत वा धुळ्याचे, ठाऊक आहेच. जुन्या खेळण्यांवरील रंग काढणे हे त्या मानाने चिमुकले काम असले, तरी थर कशाचा आहे आणि त्याखाली काय आहे, हा प्रश्न तेथेही तोच असतो.

मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणी हातोहात फिरलेल्या धातूच्या छोट्या मोटारी विकायला येतात. त्यांत इंग्लंडमधील ‘डिंकी’च्या असतात, तशा त्याच कंपनीचे साचे 1960च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास आणून घडवलेल्या ‘निकी टॉइज’च्याही असू शकतात. कुणी तरी वरून ऑइलपेंटचे दोन-तीन हात मारलेले असले, की दारांच्या फटी आणि जाळीच्या रेघा बुजून जातात. हा रंग कास्टिक सोड्याने सुटतो, कारण सोडा रंगातील तेलाचा साबण करतो. परंतु या मोटारींचा सांगाडा लोखंडाचा नसून जस्तात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम मिसळलेल्या मिश्रधातूचा असतो आणि सोडा या दोन्ही धातूंना खातो, त्यामुळे जो उपाय खिडकीच्या गजांना मानवतो तो येथे खेळण्याच्याच मुळावर येतो. त्याऐवजी तळाचे रिव्हेट ड्रिलने काढून, काचा व टायर वेगळे करून, पेंट रिमूव्हर लावून फुगलेला थर जुन्या टूथब्रशने घासणे बरे. प्लॅस्टिकच्या विमानाला मात्र थिनरही लावू नये. त्यात रंगाबरोबर विमानही विरघळण्याचा संभव असतो. सावंतवाडीच्या लाखकामावर स्पिरिटचा बोळा फिरवणे हाही तसाच अविचार होय, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि तेथे रंग हीच कारागिरी असते.

शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड आहे. जुन्या रंगांतही शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा भारतात 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, म्हणून त्याआधीचा थर कोरडा पॉलिशपेपर मारून उडवणे धोक्याचे ठरते.

संग्राहकांच्या बाजारात टवके उडालेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा सहसा अधिक किमतीचा असतो. त्यामुळे जाणकार आधी मोटार उलटी करून, टपाच्या आतल्या बाजूस रिमूव्हरचा एक थेंब टाकतो आणि खालून कोणता रंग डोकावतो ते पाहतो.