बियाण्याचीही परीक्षा असते



लोणंद म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो. आपल्या भागात बाजरी, ज्वारी आणि कांदा पिकतो. मग भातावर लेख कशाला, असे तुम्ही विचाराल. माझ्या आईचे माहेर पाटण तालुक्यात आहे. तिकडे डोंगराच्या कुशीत भाताची खाचरे आहेत. मामाच्या शेतात जे घडले, त्यावरून मला हा विषय सुचला. बाकीची माहिती गुरुजींनी समजावून सांगितली.

मामाने एका वर्षी दुकानातून संकरित भाताचे बियाणे आणले. पीक झकास आले. मामा म्हणाला, "एवढं महाग बी दरसाल कशाला आणायचं? यातलंच ठेवू." पुढच्या वर्षी ते घरचे बी पेरून तरवा केला, लावणी केली. भात वाढला, पण एक ताट उंच तर शेजारचे बुटके. एक लोंबी पिवळी झाली तर दुसरी हिरवीगार. आजी बांधावर उभी राहून म्हणाली, "निम्मं पिकलंय, निम्मं हिरवं. आता कापायचं कवा रं?" त्या वर्षी घरात भात कमी आला आणि आजोळी वर्षभर हात आखडून खर्च करावा लागला.

दुकानदाराने फसवले नव्हते. मामानेही कष्टात कसूर केली नव्हती. मग चुकले कुठे?

संकरित म्हणजे काय?

दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत दोघांपेक्षा जास्त जोम दिसतो. पण त्या पिकाचे बी पुन्हा पेरले, तर आजा-आजीचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. कोणी उंच, कोणी बुटके, कोणी हळवे, कोणी गरवे. मामाच्या शेतात नेमके हेच झाले. म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते.

सुधारित वाणाचे तसे नसते. इंद्रायणी तांदूळ आपण सगळ्यांनी खाल्ला आहे. हा वाण आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांना मिळाला. पण संकर केल्यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो स्थिर केलेला आहे. त्यामुळे त्याचे घरचे बी काही वर्षे चालते.

संकरित भाताचे बी तयार करणे फार किचकट काम आहे. भाताच्या एकाच फुलात पराग असतो आणि बीजांडही असते. फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून ज्याचा पराग निकामी आहे अशा झाडांच्या ओळी लावतात आणि शेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी लावतात. फुलोऱ्यात दोन माणसे दोरीची दोन टोके धरून शेतातून चालतात. दोरी लागली की पराग उडून शेजारच्या ओळींवर पडतो. एवढा खटाटोप असतो म्हणून हे बी महाग!

चीनमध्ये युआन लाँगपिंग या शास्त्रज्ञाने हे साध्य केले आणि १९७६ पासून तिथे संकरित भात मोठ्या प्रमाणावर पेरला जाऊ लागला. भारतात पहिले संकरित वाण १९९४ साली आले. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या कर्जतच्या संशोधन केंद्राने 'सह्याद्री' हा संकरित भात दिला, तो १९९८ साली.

परीक्षा कशी घेतात?

देशभर भाताच्या वाणांची परीक्षा घेण्यासाठी १९६५ साली हैदराबादला मुख्य ठिकाण ठेवून एक प्रकल्प सुरू झाला. परीक्षेत नव्या वाणाला नाव नसते, नुसता नंबर असतो. पेपर कोणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये, तसेच हे.

नव्या वाणाच्या शेजारी जुना, ओळखीचा वाण लावतात. दोघांना खत सारखे, पाणी सारखे, लावणीचा दिवस एकच. शिवाय प्रत्येक वाण तीन-चार वाफ्यांत लावतात आणि कुठला वाण कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठी टाकून ठरवतात. कारण पाटाजवळचा वाफा नेहमीच तरारतो. एकाच वाफ्यावरून निकाल दिला तर पाण्याचे मार्क बियाण्याला मिळतील! कडेच्या ओळीही मोजत नाहीत, कारण त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो.

मग वहीत लिहायचे: फुटवे किती, निम्म्या लोंब्या किती दिवसांनी बाहेर पडल्या, वाऱ्याने पीक लोळले का, करपा आणि खोडकिडा किती, पोचट दाणे किती, भरडल्यावर अख्खा तांदूळ किती आणि कणी किती. शेवटी भात शिजवून खाऊनही बघतात. सुरुवातीच्या काही संकरित वाणांचा भात चिकट होतो, अशी लोकांची तक्रार होती. उत्पन्न वाढले पण घरात कोणी खाईना, तर काय उपयोग?

परीक्षा आपल्याच रानात का?

आपला जिल्हाच बघा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि लोणंदला जेमतेम ५०० च्या आसपास. एका जिल्ह्यात दहापट फरक! जो वाण एकीकडे पहिला येतो तो दुसरीकडे नापास होऊ शकतो. उशिरा पिकणाऱ्या भाताला दाणा भरताना पाऊस मिळाला नाही, तर लोंबीत नुसती तुसे राहतात.

बाजरीचेही असेच झाले होते. १९६५ साली पहिली संकरित बाजरी आली. उत्पन्न वाढले म्हणून ती देशात खूप पसरली. पण १९७० नंतरच्या काही वर्षांत तिच्यावर केवडा रोग पडला. आपले शेतकरी त्याला गोसावी म्हणतात. कणसाच्या जागी नुसती पानेच फुटतात. म्हणून एका वर्षाचे चांगले पीक बघून भुलायचे नाही. दोन-तीन हंगाम तरी परीक्षा हवी.

घरच्या घरी हिशेब

सगळे रान एकदम नव्या वाणाखाली आणू नये. पहिल्या वर्षी एक गुंठा पुरे. शेजारी जुना वाण ठेवावा. दोन्हींत तीन-तीन ठिकाणी एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून कापावा, झोडावा, वाळवावा आणि वजन करावे. समजा जुन्याचे सरासरी ५०० ग्रॅम भरले आणि नव्याचे ५५० ग्रॅम. एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे एकरी दोन क्विंटल भात जास्त. त्याच्या पैशातून बियाण्याचा जादा खर्च वजा करायचा. शिल्लक राहिली तरच नवा वाण पास!

आता मामा तसेच करतो. मागच्या सुट्टीत चौकोन मी आखले आणि आकडे वहीत लिहिले. आजी म्हणाली, "बघू गं, कोण पहिला आला!"

बाजरीला आणि कांद्यालाही हीच रीत लागू पडते. पालकहो, आपण रानात दोन वाण शेजारी लावून पाहिले असतील, तर आकडे मुलांजवळ लिहून द्या. पुढच्या अंकात आम्ही ते याच भिंतीवर लावू.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी