विद्येचा खर्च आणि पोटाचा खर्च



वसंतातल्या या संध्याकाळी आपण निवांतपणे व्याख्यान ऐकत बसलो आहोत, त्याच वेळी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत एक हिशेब मांडला जात असेल. मुलगी किंवा मुलगा बारावीच्या परीक्षेतून मोकळा झाला आहे, पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचे म्हणतो आहे, आणि वडील विचारताहेत, "फी किती?" हा प्रश्न चुकीचा नव्हे, पण अपुरा आहे. फीला सवलत मिळते, तिचे हप्ते पडतात, प्रसंगी ती माफही होते. खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण मात्र कोणी माफ करीत नाही. विद्येचा खर्च निघाला तरी पोटाचा खर्च निघाला नाही म्हणून विद्यार्थी गावी परत जातो. आज विचार करायचा तो या दुसऱ्या खर्चाचा.

हा प्रश्न नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात दिवसांची सात घरे मिळाली की वर्षाची चिंता मिटली. आगरकरांपाशी डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा होता आणि तो ते रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. धोंडो केशव कर्व्यांनी मुंबईत शिकवण्या करून आपले शिक्षण केले. वाराच्या पद्धतीने अनेकांना शिकविले हे खरे. पण तीत दोन मोठी वैगुण्ये होती. जेवणाऱ्याला मिंधेपण सोसावे लागे, आणि जातीची भिंत ओलांडून ते ताट फारसे कोणापर्यंत पोचत नसे.

ही दोन्ही वैगुण्ये ओळखून ज्यांनी वेगळी वाट काढली त्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे वसतिगृह काढले. ते चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा 'कमवा आणि शिका' हे तत्त्व तिथे उच्च शिक्षणालाही लावले गेले. विद्यार्थ्याने श्रम करावे आणि ताठ मानेने जेवावे, एवढाच त्याचा अर्थ. पुणे विद्यापीठातही आज याच नावाची योजना आहे; विद्यार्थी रोज काही तास विभागात वा ग्रंथालयात काम करतो आणि तासावर मोबदला घेतो.

पैशाचे आणि अभ्यासाचे गणित कसे बसवावे, याचा सर्वांत बोलका धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९१३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी होती. पुढे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई, साहाय्य आणि कर्ज या चारही वाटा त्यांनी वापरल्या. एकीवरच भिस्त ठेवली नाही.

आता आजच्या हिशेबाकडे वळू. पहिली गोष्ट, वर्षाचा खर्च बाराने भागून चालत नाही. पहिल्याच महिन्यात खोलीची अनामत, आगाऊ भाडे, गादी, पुस्तके हे सारे एकदम अंगावर येते. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र अर्ज, छाननी, मंजुरी होऊन मागाहून येतात. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांची तरतूद हाताशी ठेवूनच मुलाला पाठवावे. दुसरी गोष्ट, दाखले. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, उन्हाळ्यातच काढून ठेवावा आणि बँकेचे खाते आधारशी जोडून घ्यावे. फीशिवाय निर्वाहासाठीही योजना आहेत: डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे; शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार' आहे. फीची सवलत घेणाऱ्या पुष्कळांना यांची वार्ताही नसते. तिसरी गोष्ट, खानावळ लावताना खाडे धरतात की नाही हे आधी विचारावे. सुट्टीत गावी गेलेल्या मुलाने न जेवलेल्या जेवणाचे पैसे का भरावे?

कर्जाविषयी थोडे खोलात जातो, कारण तिथे घरेच्या घरे फसतात. शिक्षण संपून साधारण वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. लोक समजतात, तोवर व्याजही नाही. तसे नाही. समजा, चार वर्षे दरवर्षी प्रारंभी एक लाख उचलले आणि व्याज दहा टक्के. सरळ व्याज धरले तरी हप्ता सुरू होईतो पहिल्या लाखावर पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस आणि चौथ्यावर वीस, असे एक लाख चाळीस हजार चढतात. चार लाखांचे ऋण पाच लाख चाळीस हजारांचे होते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे सात हजार एकशे चाळीस. तेच व्याज शिक्षणाच्या काळात भरत गेल्यास हप्ता सुमारे पाच हजार तीनशेवर राहतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिना साडेआठशेच्या आत आहे; शेवटी ते तीन हजार तीनशेवर जाते. सर्व जमले नाही तरी जेवढे जमेल तेवढे भरावे. सरकारची व्याज-सवलत आपल्याला लागू आहे का, हेही सही करण्यापूर्वीच विचारावे.

शेवटी आपल्याविषयी. आपल्यांतले कोणी कॉटबेसिसवर खोल्या देतात, कोणी खानावळ चालवतात, कोणाच्या दुकानात संध्याकाळचे तीन तास काम आहे. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती नागरिकांच्या बळावरच वाढली. अनामत दोन हप्त्यांत घेणे, शिष्यवृत्ती येईतो महिनाभर थांबणे, परीक्षेच्या दिवसांत कामाला सुट्टी देणे, यांत दानधर्म नाही की मिंधेपण नाही. वार लावण्याचे दिवस गेले, ते बरेच झाले. पण परगावच्या मुलाचे शिक्षण ही गावाची जबाबदारी आहे, ही त्यामागची जाणीव जाऊ देऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.