डोळा गेला, आता खांदाही बदलायचा

रायफलच्या नळीवर मागे एक खाच असते आणि पुढच्या टोकाला माशी. खाचेतून माशी आणि माशीवरून लक्ष्य असा नेम जुळवला जातो. उडत्या पक्ष्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शॉटगनला पुढे एक बारीक मणी असतो, मागे मात्र काहीच नसते. तिथे खाचेचे काम नेमबाजाचा डोळा करतो. दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. मग नेमबाज मण्याकडे बघतही नाही; तो फक्त पक्ष्याकडे बघतो आणि हात नजरेमागे जातात. म्हणजे डोळा हा जणू बंदुकीचाच एक भाग. तो अधू झाला, तर बंदूक कितीही उत्तम असली तरी तिचा उपयोग नाही.

ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत फेझंट, ग्राउझ, लावा, बदक अशा पक्ष्यांची हंगामी शिकार कायदेशीर आहे. तिथे हा छंद साठी-सत्तरीपर्यंत जपणारे पुष्कळ. नेमक्या याच वयात पीतबिंदूची झीज, काचबिंदू, मधुमेहाने होणारे दृष्टिपटलाचे आजार किंवा दृष्टिपटलाच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकणे असे विकार गाठतात. पन्नास वर्षे उजव्या खांद्यावर बंदूक घेतलेल्या माणसाचा उजवा डोळा गेला की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: बंदूक कायमची खाली ठेवायची, की डाव्या खांद्यावर घेऊन पुन्हा पहिल्यापासून शिकायचे?

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेखातर होणारी पक्ष्यांची शिकार बंद झाली. आपल्याकडे शॉटगनचा खेळ उरला तो हवेत फेकलेल्या चकत्यांवर. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवले ते याच प्रकारात. पण डोळ्यांचे आजार आणि मेंदूची शिकण्याची रीत सगळीकडे सारखीच. म्हणून परदेशातल्या या नेमबाजांची धडपड आपल्यालाही काही सांगून जाते.

दोन डोळे, पण मालक एक

आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो, तरी दिशा ठरवताना मेंदू एका डोळ्याला झुकते माप देतो. त्याला प्रबळ डोळा म्हणतात. तो ओळखणे सोपे आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून हात लांब करा आणि दूरच्या एखाद्या दिव्याकडे बोट रोखा. आता एकेक डोळा आळीपाळीने मिटा. ज्या डोळ्याने बघताना बोट दिव्यावरच राहते, तो प्रबळ. इटलीचे जामबत्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी अशी चाचणी १५९३ साली आपल्या ग्रंथात नोंदवली होती. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो.

बंदूक एका खांद्यावर आणि प्रबळ डोळा दुसऱ्या बाजूचा असेल, तर किती फरक पडतो? दोन बुबुळांमधले अंतर सुमारे सहा सेंटिमीटर. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर जवळपास एक मीटर. उजव्या खांद्यावरच्या बंदुकीचा मणी डाव्या डोळ्याने लक्ष्यावर जुळवला, तर नळी प्रत्यक्षात डावीकडे वळलेली असते. मीटरभर अंतरावरची ती सहा सेंटिमीटरची तफावत ३५ मीटरवर दोन मीटर होते. तेवढ्या अंतरावर छर्ऱ्यांचा फैलाव असतो जेमतेम एक मीटर रुंद. म्हणजे पक्षी साफ सुटतो, आणि नेमबाजाला वाटत राहते की नेम तर बरोबर होता.

दृष्टी हळूहळू कमी होते तेव्हा हाच घोळ होतो. प्रबळ डोळा धूसर झाला की मेंदू कधी त्याचे ऐकतो, कधी दुसऱ्याचे. एक बार अचूक बसतो, पुढचे तीन दोन मीटर डावीकडे जातात. अनेकजण काडतुसांना, वाऱ्याला, वयाला दोष देतात. डोळ्याची शंका सर्वांत शेवटी येते.

आधी नेत्रतज्ज्ञ

खांदा बदलण्याआधी निदान पक्के व्हायला हवे. धूसरपणा मोतीबिंदूचा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर तोच डोळा पुन्हा कामाला लागू शकतो. पीतबिंदूच्या ‘ओल्या’ प्रकारच्या झिजेत डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी दृष्टी बरीच टिकवता येते, पण ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली वाचवता येते. डोळ्याचे नुकसान कायमचे आहे हे कळले, की मगच पुढचा विचार.

त्यातही खांदा बदलणे हा एकच मार्ग नाही. चष्म्याच्या काचेवर, त्रास देणाऱ्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक टेपचा लहानसा तुकडा चिकटवला, की तो डोळा नेमाच्या वेळी मध्ये येत नाही, पण बाजूचे दिसणे शाबूत राहते. मात्र उजव्या खांद्यावर बंदूक आणि उजवाच डोळा निकामी, अशा वेळी टेपने काम भागत नाही. ब्रिटिश बंदूक कारागीर यासाठी फार पूर्वीपासून एक खास दस्ता बनवत आले आहेत. तो एवढा वाकवलेला असतो, की बंदूक उजव्या खांद्यावर राहूनही नळी डाव्या डोळ्यासमोर येते. खांद्याची जुनी सवय मोडायची नसेल त्यांना तो सोयीचा. पण असा दस्ता महाग, अवजड आणि धक्का तिरका देणारा. म्हणून ज्यांचे हातपाय अजून धड आहेत, त्यांतले बरेचजण खांदाच बदलतात.

शरीर नवशिके, नजर जाणती

खांदा बदलला की सगळे उलटे होते. तीन-साडेतीन किलोची बंदूक आता उजव्या हाताने तोलायची आणि चाप डाव्या बोटाने ओढायचा. उजवा पाय पुढे. उजवा हात वापरणाऱ्यासाठी दस्त्याला दिलेला हलकासा बाक आता चुकीच्या बाजूचा ठरतो, तो बदलून घ्यावा लागतो. उजवीकडून रिकामे काडतूस फेकणारी स्वयंचलित बंदूक डाव्या खांद्यावर घेतली, तर ते तोंडासमोरून उडते.

सगळेच विसरावे लागते असे मात्र नाही. पक्षी कोणत्या रेषेत जाईल, किती वेगात आहे, त्याच्या किती पुढे छर्रे टाकायचे, ही जाण खांद्यात नसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी ३५ मीटरवर असेल, तर छर्रे पोचेपर्यंत तो सुमारे दोन मीटर पुढे सरकतो. हा अंदाज वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेला असतो आणि तो नव्या खांद्यालाही उपयोगी पडतो. येल विद्यापीठात १८९४ साली एडवर्ड स्क्रिप्चर आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते, की एका हाताला सराव दिला तर दुसऱ्या, सराव न केलेल्या हातातही काही सुधारणा होते. शिकणे केवळ स्नायूंत नसते, मेंदूतही असते.

पण यातच एक त्रास लपलेला आहे. नजर जाणकाराची आणि हात नवशिक्याचे, त्यामुळे डोक्यात ‘आता’ असे म्हटले जाते तेव्हा दस्ता अजून खांद्याला पोचलेलाही नसतो. ही चिडचिड सहन न होऊन पुष्कळजण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हार मानतात. अनुभवी प्रशिक्षक म्हणून सुरुवातीला बार उडवूच देत नाहीत. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची आणि आरशासमोर उभे राहून ती फक्त खांद्याला लावायची. नळीच्या तोंडात छोटी विजेरी बसवून प्रकाशाचा ठिपका भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेषेवरून न डगमगता फिरवायचा. रोज दहा-पंधरा मिनिटे. त्यानंतर मैदानावर सरळ दूर जाणाऱ्या सोप्या चकत्या, मग तिरक्या आणि शेवटी आडव्या जाणाऱ्या.

नजर कुठे ठेवायची हेही नव्याने घोटावे लागते. कॅनडाच्या संशोधक जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या ‘स्थिर नजरे’चा अभ्यास केला आहे. त्याच धर्तीवर शॉटगन नेमबाजांच्या २०१० मधील अभ्यासात दिसले, की अव्वल खेळाडूंची नजर चकतीवर लवकर स्थिरावते आणि जास्त वेळ टिकते. नव्या खांद्यावर अस्वस्थ असलेला माणूस उलट मण्याकडे पाहू लागतो, नजर मागे-पुढे उड्या मारते आणि बंदूक थबकते.

ज्यांनी करून दाखवले

हंगेरीचे पिस्तूल नेमबाज कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. डोळ्याचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. मन्सूर अली खान पतौडी यांनी १९६१ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी जवळपास गमावली. त्यांना एकाऐवजी दोन चेंडू दिसत. टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळणे हा त्यांचा एक उपाय. त्याच वर्षी डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले आणि पुढे इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावाही केल्या. टाकाच आणि पतौडी तरुण होते, आणि मोजमाप होते गुणांचे आणि धावांचे. साठीनंतरच्या शिकाऱ्याचे मोजमाप वेगळे आहे.

न उडवलेला बार

एक डोळा गेला की दिसण्याच्या आडव्या पट्ट्यातले सुमारे ४० अंश कमी होतात, तेही गेलेल्या डोळ्याच्या बाजूचे. डाव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचे शरीर उजवीकडे सहज वळते. म्हणजे उजवा डोळा गेलेल्या माणसाची बंदूक नव्या खांद्यावरून जिकडे सर्वांत मोकळी फिरते, तीच त्याची आंधळी बाजू. तिकडे सोबती असू शकतो, पक्षी उठवणारा हाकारा असू शकतो, कुत्रा असू शकतो. त्यामुळे प्रत्येक वेळी बंदूक उचलण्याआधी मान वळवून ती बाजू बघणे, उजव्या टोकाला कोणी उभे राहणार नाही अशी जागा मागून घेणे आणि बरोबरच्यांना आपल्या डोळ्याबद्दल स्पष्ट सांगणे, हे नेमाच्याही आधी शिकावे लागते.

दुसरा प्रश्न पक्ष्याचा. चकती चुकली तर काही बिघडत नाही. पक्षी अर्धवट जखमी झाला तर तो झुडपात तडफडून मरतो. शिवाय पायाजवळून पक्षी अचानक फडफडला की घाईत बंदूक जुन्याच खांद्याकडे जाते. म्हणून जबाबदार शिकारी एक पूर्ण हंगाम फक्त चकत्यांवर काढतात. रानात परतल्यावरही लांबचे आणि आंधळ्या बाजूने येणारे पक्षी सोडून देतात. न उडवलेल्या बाराची लाज वाटेनाशी झाली, की नवा खांदा तयार झाला असे समजावे.

बंदूक कधीही हातात न घेणाऱ्यालाही यातून घेण्यासारखे आहे. एका डोळ्याची दृष्टी गेल्यावर चहा कपाबाहेर सांडतो, जिन्याची पायरी चुकते, रस्ता ओलांडताना एका बाजूची दुचाकी दिसत नाही. मेंदू हळूहळू सावलीवरून, आकारावरून, डोके हलवून अंतर ओळखायला शिकतो. त्याला काही महिने द्यावे लागतात आणि तोवर वाहन चालवण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचा बिघाड लक्षात येत नाही. म्हणून चाळिशीनंतर आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचावे. सरळ रेषा वाकड्या दिसल्या, मधोमध डाग दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा. प्रकाशाचे झोत चमकू लागले, डोळ्यापुढे पडदा आला किंवा अचानक दिसेनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जावे.