यंत्रमानव-नियंत्रण, आभासी वास्तवाद्वारे

संगणकाने निर्माण केलेल्या त्रिमितीय दृश्यात यंत्रमानवाची व त्याच्या परिसराची प्रतिकृती उभी करून तिच्या साहाय्याने यंत्रमानवाच्या हालचालींची आखणी व चाचणी करणे आणि प्रत्यक्ष काम चालू असताना त्यांचे नियंत्रण करणे, या तंत्राला ही संज्ञा लावतात. आपण दृश्याच्या आतच वावरत आहोत असे पाहणाऱ्यास वाटणे, डोके वळविताच दृश्यही त्यानुसार बदलणे आणि दृश्यातील वस्तू हाताने हलविता येणे, ही आभासी वास्तवाची लक्षणे होत. चालू उत्पादन न थांबविता नव्या कामाची पूर्वतयारी करणे आणि माणसाला जेथे जाता येत नाही तेथे काम करून घेणे, हे या तंत्राचे दोन प्रमुख उद्देश आहेत.

इतिहास : या तंत्रात तीन स्वतंत्र प्रवाह एकत्र आले आहेत. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्‌झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी प्रधान-अनुगामी हस्तक तयार केले. यात जाड भिंतीच्या अलीकडे माणूस मुठी हलवितो आणि पलीकडील यांत्रिक हात तशीच हालचाल करतो. भारतात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे हस्तक विकसित केले आहेत. दुसरा प्रवाह औद्योगिक यंत्रमानवाचा होय. १९६१ साली ‘युनिमेट’ हा यंत्रमानव जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात साच्यातून निघणारे तप्त ओतीव भाग उचलण्यासाठी बसविण्यात आला. तिसरा प्रवाह आयव्हन सदर्लंड यांनी १९६८ साली दाखविलेल्या, डोक्यावर धारण करावयाच्या दृश्यसाधनाचा आहे. पुढे संगणकांचा वेग वाढल्यावर हे तीन प्रवाह एकमेकांना मिळाले.

नियोजन : यंत्रमानवाला काम शिकविण्याच्या रूढ पद्धतीत कारागीर हातातील नियंत्रण-पेटीने त्याला एकेका बिंदूपर्यंत नेतो व ती स्थिती नोंदवून ठेवतो. या अवधीत तो यंत्रमानव उत्पादनाच्या कामी येत नाही. आभासी प्रतिकृतीत हेच काम उत्पादन चालू असताना करता येते. यंत्रमानवाचा हात विशिष्ट ठिकाणी पोहोचेल काय, वाटेत तो कशावर आदळेल काय आणि एका आवर्तनास किती वेळ लागेल, हे आधीच कळते.

तथापि यात एक मूलभूत अडचण आहे. यंत्रमानव एकदा नोंदलेल्या स्थितीला पुनःपुन्हा परत येतो, तेव्हा त्यात पडणारा फरक बहुधा मिलिमीटरच्या दशांशाहून अधिक नसतो. परंतु केवळ गणिताने सांगितलेल्या बिंदूवर जाताना होणारी चूक एक मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. कारण भागांची लांबी, सांध्यांची ढिलाई आणि भाराने येणारा वाक प्रतिकृतीत तंतोतंत उतरत नाहीत. म्हणून आभासी आराखडा प्रत्यक्षात आणण्यापूर्वी यंत्रमानव व त्याच्यासमोरील कार्यवस्तू यांची मोजमापे घेऊन प्रतिकृती दुरुस्त करावी लागते. ही दुरुस्ती न केल्यास पडद्यावर निर्दोष दिसणारी हालचाल प्रत्यक्षात टक्कर घडवू शकते.

दूरनियंत्रण : अंतर मोठे असल्यास आज्ञा पोहोचण्यास व तिचा परिणाम दिसण्यास विलंब लागतो. अशा वेळी चालक थोडे हलवून थांबतो, परिणाम पाहतो व पुन्हा हलवितो. त्यामुळे काम फार मंदावते. यावर उपाय म्हणजे आज्ञेचा अपेक्षित परिणाम प्रतिकृतीत तत्काळ दाखविणे. १९९३ साली कोलंबिया अवकाशयानातील जर्मन ‘रोटेक्स’ प्रयोगात एकूण विलंब ५ ते ७ सेकंद होता. तरीही पूर्वानुमान करणाऱ्या संगणकीय दृश्याच्या आधारे जमिनीवरून यंत्रभुजेचे नियंत्रण करून एक तरंगती वस्तू पकडण्यात आली. बारीक दुरुस्त्या भुजेवरील संवेदकांच्या साहाय्याने जागच्या जागी होत होत्या.

इंग्लंडमधील कलम येथील ‘जेट’ या अणुकेंद्रीय संघटनाच्या प्रयोगयंत्रात या तंत्राचा दीर्घकाळ उपयोग झाला. १९९७ सालच्या ट्रिटियमयुक्त प्रयोगांनंतर यंत्राचे कंकणाकृती पात्र किरणोत्सर्गी झाले होते. १९९८ साली त्यातील तळाचे घटक माणूस आत न जाता बदलण्यात आले. लांब वाहक दांड्याच्या टोकाशी ‘मॅस्कॉट’ हा दोन हातांचा हस्तक होता. प्रतिरोध चालकाच्या हातांना जाणवेल अशी त्याची योजना होती. सांध्यांवरील संवेदकांकडून येणाऱ्या स्थितीनुसार आभासी प्रतिकृती हलत असे. त्यामुळे कॅमेऱ्याला न दिसणारी बाजूही चालकाला पाहता येई. अवघड कामांचा सराव पूर्णाकृती नमुन्यातही करून घेतला जाई. डिसेंबर २०२३ मध्ये जेटमधील प्रयोग बंद झाले.

मर्यादा : प्रतिकृतीत जे भरले आहे तेवढेच ती दाखविते. सुटून पडलेला बोल्ट, वाकलेली फरशी किंवा लोंबणारी नळी यांची नोंद झाली नसेल, तर चालकाला मार्ग मोकळाच दिसतो आणि दृश्य जितके हुबेहूब तितका त्यावरील विश्वास वाढतो. म्हणून कॅमेऱ्यांची चित्रे व बलाची जाणीव यांची जोड आवश्यक ठरते. लेसर किरणांनी परिसर मोजून प्रतिकृती अद्ययावत ठेवण्याच्या पद्धतीही प्रचारात आल्या आहेत. डोक्याची हालचाल व दृश्यातील बदल यांत लक्षात येण्याजोगा विलंब पडल्यास चालकास मळमळ व थकवा जाणवतो. वेगावरील मर्यादा, बलावरील मर्यादा आणि आणीबाणीत यंत्र थांबविण्याची व्यवस्था यांसाठी आभासी दृश्यावर अवलंबून राहता येत नाही. या योजना प्रत्यक्ष यंत्रमानवाच्या नियंत्रकातच स्वतंत्रपणे असाव्या लागतात.