फर्माचा अंदाज चुकवणारी संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अंकांत ४,२९,४९,६७,२९७. हिला ३ ने भागून पाहा, ७ ने, ११ ने, १३ ने पाहा. दरवेळी बाकी उरतेच. मग ही मूळ संख्या असेल का?

पिएर द फर्माला तसे वाटत होते. तुलूजच्या न्यायालयात काम करणारा हा फ्रेंच गृहस्थ फावल्या वेळात गणित करी, आणि ते अव्वल दर्जाचे असे. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन त्यात १ मिळवला, की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या! ही माळ अशीच पुढे जाणार, असे त्याने १६४० मध्ये पत्रातून कळवले. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती. माळेतली पुढची, म्हणजे ३२व्या घाताची संख्या हीच.

१७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७,००,४१७. कागद-पेन्सिल घेऊन हा गुणाकार कुणालाही पडताळता येईल.

पण ६४१ सापडावा कसा? या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसायचे म्हटले तर दिवसच्या दिवस जातील. ऑयलरने पुढे सिद्ध केले की या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते. या एका अटीने बहुतेक सगळ्या संख्या गळतात. उरलेल्यांत ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७ येतात आणि पाचवी येते ६४१. इथे भाग निःशेष जातो. हजारो भागाकारांचे काम पाचांत आटोपते, ही खरी गणिताची ताकद.

हिच्या शेजारच्या संख्याही तेवढ्याच वेधक आहेत. १ वजा केला की २ चा ३२वा घात मिळतो. इंटरनेटच्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ते नेमके तितकेच होतात. २ वजा केले की फर्माच्या त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार हाती येतो. गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी आणि कंपासने काढता येते हे दाखवले. त्याच्या नियमानुसार ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आकृतीही तत्त्वतः काढता येते. विषम बाजू असलेल्या अशा आकृत्यांत याहून मोठी आज माहीत नाही.

फर्माच्या माळेतली पुढची, वीस अंकी संख्या १८८० मध्ये लाँद्री या फ्रेंच गणितज्ञाने फोडली. त्यानंतर जिचा निकाल लागला अशी प्रत्येक संख्या संयुक्तच निघाली. सहावी फर्मा मूळ संख्या अजून सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेले नाही.